माल किती दिवसांत उठेल?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. माझे वय २२ असून बीबीएचे शेवटचे वर्ष संपत आले आहे. इंग्लंडमधील, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाकडून आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन या विषयातील एक वर्षाच्या एमएस्सीचे ऑफर लेटर मला आले आहे. प्रवेश सप्टेंबर २०२६ चा आहे आणि शुल्क २०,००० पाउंड आहे. कन्सल्टन्सीने एका वित्त कंपनीकडून राहत्या घराच्या तारणावर ११ टक्के व्याजाने ३५ लाखांचे कर्ज मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. उरलेली सात-आठ लाखांची रक्कम बाबांच्या मुदत ठेवी मोडून आणि आईचे थोडे दागिने विकून उभी राहील. बाबांचे किराणा दुकान आहे, घरचे वार्षिक उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास आहे आणि आम्ही ओबीसी प्रवर्गात येतो. लहान भाऊ अकरावीत आहे. बाबा म्हणतात, “ऋण काढून सण करू नये.” माझ्या वर्गातील बहुतेकांना मात्र लोनची भीती वाटत नाही. पाउंडात पगार सुरू झाला की दोन वर्षांत सगळे फिटते, असे ते सांगतात. कन्सल्टन्सीच्या म्हणण्याप्रमाणे शिक्षणानंतर दोन वर्षे तिथे काम करता येते आणि डिपॉझिट तीन आठवड्यांत भरायला हवे. बाबांची भीती जुन्या काळाची आहे का? मी जावे की नाही?

उत्तर : तुम्ही सरळ प्रश्न विचारला आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देते. या अभ्यासक्रमासाठी, या कर्जावर, या सप्टेंबरमध्ये तुम्ही जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी शिकण्याची तुमची इच्छा मात्र योग्य आहे आणि ती सोडून द्यावी असे मी मुळीच सांगणार नाही. मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या निरनिराळ्या शाखांमध्ये २६ वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे शैक्षणिक कर्जाची प्रकरणे पाहिली. माझे मत त्या अनुभवातून आणि तुमच्याच पत्रातील आकड्यांतून बनले आहे, त्यामुळे ते आकडे तुमच्यासमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

त्याआधी बाबांविषयी. आम्ही कर्जच काढत नाही, असे सांगणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या दुकानातला निम्मा माल उधारीवर भरलेला असतो. घाऊक व्यापाऱ्याकडून तेलाचे डबे, साखरेची पोती महिन्याच्या वायद्याने आणताना तुमचे बाबा मनात एकच हिशेब करत असतील : हा माल किती दिवसांत उठेल? वायदा संपण्याआधी माल उठणार असेल तर उधारी घेण्यात त्यांना काहीच वावगे वाटत नाही. गावात जे खपत नाही ते कितीही स्वस्त मिळाले तरी ते उधारीवर भरत नाहीत. म्हणजे त्यांची भीती कर्जाची नाही. तुमच्या पदवीचा हा माल कधी उठेल आणि कोणत्या बाजारात उठेल, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नाही. तुमच्या वर्गमित्रांनीही हा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही. व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांमध्ये कर्जाविषयी जो मोकळेपणा आला आहे तो मला काही अंशी आवडतो, कारण आमच्या पिढीत केवळ संकोचापोटी कित्येक हुशार मुलींचे शिक्षण पदवीवर थांबले. परंतु गुंतवणुकीवरील परतावा परीक्षेत अचूक काढणारी हीच मुले स्वतःच्या कर्जाच्या बाबतीत ‘सगळेच घेतात’ एवढ्यावर समाधान मानतात, हे मला गंभीर वाटते.

आता हिशेब पाहू. अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, अशी नेहमीची सवलत धरली आणि या काळात सरळव्याज लागते असे मानले, तर ३५ लाखांवर वर्षाला ३ लाख ८५ हजार रुपये व्याज होते. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली जात असल्याने प्रत्यक्षात ते थोडे कमी असेल, पण अंदाजासाठी हा आकडा पुरेसा आहे. दोन वर्षांनी हे व्याज मुद्दलात मिळून देणे सुमारे ४२ लाख ७० हजारांवर जाते. ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे ५८,८०० रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण साडेसत्तर लाख रुपये भरले जातात. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४८,५०० पर्यंत उतरतो, पण एकूण भरणा ८७ लाखांच्या पुढे जातो. तुमच्या घरचे उत्पन्न महिन्याला ५४ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे दहा वर्षांच्या मुदतीचा एक हप्ता संपूर्ण घराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोठा आहे. या रकमेत आईचे दागिने आणि मोडलेल्या ठेवी धरलेल्या नाहीत.

दोन वर्षांत फिटते, या म्हणण्याचीही परीक्षा करू. ४२ लाख ७० हजार रुपये याच व्याजाने दोन वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळजवळ दोन लाख रुपये, म्हणजे पाउंड १२० रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे १,६५० पाउंड बाजूला काढावे लागतील. वर्षाला ३३,४०० पाउंड पगाराची नोकरी लागली, तर तिथला आयकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी वजा जाता महिन्याला साधारण २,३०० पाउंड हातात येतात. उरलेल्या साडेसहाशे पाउंडांत भाडे, प्रवास आणि जेवण भागवायचे आहे. विद्यार्थ्याने लंडनबाहेर राहण्याच्या खर्चासाठी दरमहा १,१७१ पाउंड दाखवावेत, अशी ब्रिटिश सरकारचीच व्हिसाची अट आहे. तेव्हा चांगली नोकरी मिळाली तरी दोन वर्षांत कर्ज फिटणार नाही. काटकसरीने राहून दहा वर्षांचा हप्ता नियमित भरता येईल, एवढेच खात्रीने म्हणता येते, आणि तेही वाईट नाही. खरा प्रश्न ती नोकरी मिळण्याचा आहे.

येथे कन्सल्टन्सीने तुम्हाला अपुरी माहिती दिली आहे. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी ब्रिटनमध्ये जो ग्रॅज्युएट रूट नावाचा व्हिसा मिळतो, त्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून १८ महिने करण्यात आली आहे; केवळ पीएचडीधारकांना अधिक काळ मिळतो. तुमचा अभ्यासक्रम २०२७ च्या शरद ऋतूत संपेल, त्यामुळे तुमच्या वाट्याला १८ महिनेच येतील. त्यानंतर तिथे राहायचे तर परवानाधारक कंपनीने तुम्हाला स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजित केले पाहिजे. या व्हिसासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० वर गेली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० झाली. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना सवलतीने ३३,४०० पाउंडांची मर्यादा लागू होते, पण त्या पदाच्या प्रचलित वेतनदराची अट राहतेच आणि ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षे मिळते, ज्यात ग्रॅज्युएट रूटवरचा काळही मोजला जातो. शिवाय जुलै २०२५ पासून साधारणपणे पदवीच्या पातळीची मानलेली पदेच प्रायोजनास पात्र आहेत, त्यामुळे दुकानातील किंवा हॉटेलातील पर्यवेक्षकाच्या कामावर पाय रोवण्याचा जुना मार्ग जवळजवळ बंद झाला आहे.

नियम बदलण्याची ही पहिली वेळ नाही. २०१२ मध्ये ब्रिटनने शिक्षणोत्तर कामाचा व्हिसा बंद केला होता, २०२१ मध्ये तो नव्या नावाने परत आला आणि आता त्याची मुदत घटली. एवढ्या काळात तीनदा धोरण फिरले, आणि तुमचे कर्ज दहा ते पंधरा वर्षांचे आहे.

नोकरभरतीच्या वेळापत्रकाविषयी तुम्हाला कोणी काही सांगितले असेल असे वाटत नाही, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील हाच कळीचा भाग आहे. ब्रिटनमधील मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांसाठी ज्या ग्रॅज्युएट स्कीम चालवतात, त्यांचे अर्ज पुढल्या वर्षीच्या नेमणुकांसाठी आदल्या शरद ऋतूतच सुरू होतात आणि त्यांतील बरेच नाताळाच्या आसपास बंद होतात. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला सप्टेंबरअखेर पोहोचलेली मुलगी त्या वेळी खोली शोधत असते, बँकेत खाते उघडत असते, पहिली असाइनमेंट समजून घेत असते. तिच्या बायोडेटामध्ये कामाचा अनुभव म्हणून लिहिण्यासारखे काही नसते. तिच्याशेजारी तीन वर्षे तिथेच शिकलेला, दोन इंटर्नशिप केलेला आणि प्रायोजनाची गरज नसलेला उमेदवार उभा असतो. व्यवस्थापनासारखा सर्वसाधारण विषय कोणत्याही एका कौशल्याची हमी देत नाही, म्हणून अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग कमी होतो. हेच शिक्षण दोन-तीन वर्षे पुरवठा साखळीत, लेखापरीक्षणात किंवा विक्रीत काम केलेल्या माणसाला फार उपयोगी पडते, कारण त्याला वर्गातील प्रत्येक संकल्पना कशाला चिकटवायची हे ठाऊक असते.

शिकत असताना अर्धवेळ काम करून कर्ज हलके करता येईल, हाही समज आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२६ पासून किमान वेतन ताशी १२.७१ पाउंड आहे. पूर्ण २० तास मिळाले तर आठवड्याला सुमारे २५४ पाउंड होतात. त्यातून किराणा आणि भाड्याचा काही भाग निघतो, कर्ज निघत नाही.

कन्सल्टन्सी तुमच्याकडून फी घेत नसेल तर तिला पैसे कोठून मिळतात, हे समजून घ्या. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे अनेक परदेशी विद्यापीठे एजंटांना कमिशन देतात, आणि कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्त कंपन्यांकडूनही मोबदला मिळू शकतो. या व्यवसायात प्रामाणिक माणसे आहेत, पण ‘यंदा जाऊ नका’ हा सल्ला त्यांच्याकडून येण्याची अपेक्षा करू नका. तीन आठवड्यांची घाई त्यांची आहे. आणखी एक गोष्ट बँकेतली माणूस म्हणून सांगते. राहते घर तारण देऊनही ११ टक्के व्याज पडत असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचा दर विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये, कारण तारण असलेल्या शैक्षणिक कर्जाला तिथे साधारणपणे कमी व्याज लागते.

मी एका शाखेत असताना एका शेतकऱ्याचा मुलगा असेच कर्ज घेऊन परदेशी गेला. मुलगा हुशार होता, अभ्यासक्रमही त्याने चांगल्या गुणांनी पुरा केला, पण त्या वर्षी तिथल्या व्हिसाचे नियम कडक झाले आणि तो परत आला. पुण्यात त्याला नोकरी मिळाली, पगार हप्त्यापेक्षा कमी. पुढची काही वर्षे त्याचे वडील दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुधाच्या बिलाचे पैसे घेऊन काउंटरवर येत आणि स्लिप भरून देताना मला म्हणत, “मॅडम, खात्याला डाग लागू देऊ नका.” कर्ज थकले नाही. पण त्या घरातील धाकट्या मुलीने इंजिनिअरिंगसाठी अर्ज केला तेव्हा वडिलांची कर्ज घेण्याची क्षमता संपलेली होती, आणि तो अर्ज नामंजूर करण्याची शिफारस मला स्वतःला लिहावी लागली. तुमच्या पत्रात भाऊ अकरावीत असल्याचे वाचले तेव्हा मला ते कुटुंब आठवले. बाबा तुमचे सहकर्जदार असतील. हप्ता चुकला तर त्यांचा सिबिल स्कोअर घसरेल, दुकानासाठी लागणारे कर्ज अडेल आणि दोन वर्षांनी भावाच्या शिक्षणासाठी तारण द्यायला घर मोकळे नसेल.

म्हणून कर्ज किती पेलेल हे मोजताना तिथल्या संभाव्य पगाराकडे पाहू नये. परत यावे लागले तर इथे जो पगार हमखास मिळेल त्याच्या एक तृतीयांशाहून हप्ता मोठा नसावा, हा माझा नियम आहे. समजा परतल्यावर पुण्यात ४५ हजारांची नोकरी मिळाली, तर १५ हजारांचा हप्ता पेलतो आणि ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी त्यावर जवळपास ११ लाखांचे कर्ज बसते. तुम्ही ४२ लाखांच्या देण्याचा विचार करत आहात. याउलट दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन ७० हजारांच्या पगारापर्यंत पोहोचलात, तर तुमची क्षमता १७ लाखांच्या आसपास जाते आणि हाताशी स्वतःची थोडी बचतही असते.

आधी कमावून मग शिकायला जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. कर्ज त्यांनीही घेतले होते, पण कशासाठी जायचे आणि काय पुरे करायचे हे ठरवून, आणि स्वतःची बचत त्यात घालून.

तुमच्यासमोर इथे एक असा दरवाजा उघडा आहे, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासन व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरते. एमबीए त्यात येते. व्यवस्थापन कोट्यातील जागा आणि अभिमत वा खासगी विद्यापीठे येत नाहीत. म्हणजे राज्याच्या एमबीए सीईटीत चांगले गुण मिळवून कॅप राउंडमधून प्रवेश घेतलात, तर तुमचा खर्च मुख्यतः राहण्याजेवणाचा राहतो. देशातील निवडक संस्थांमध्ये प्रवेश मिळाल्यास प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेतून तुमच्या उत्पन्नगटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे. परदेशी शिक्षणाला ती लागू नाही. अर्थात कोणतेही एमबीए घ्या असे मी म्हणत नाही. राज्यात अशी महाविद्यालये आहेत जिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना बीकॉमच्याच पगाराची नोकरी मिळते, म्हणून इथेही माल उठण्याचा तोच प्रश्न विचारावा आणि उत्तर महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातून न घेता दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या विद्यार्थ्यांकडून घ्यावे.

तेव्हा आत्ता पुण्यात किंवा साताऱ्यात मिळेल ती कामाची चांगली संधी घ्या, आणि माल-वाहतूक, हिशेब, खरेदी अशा एखाद्या ठोस कामात पाय ठेवा. किराणा दुकानात वाढल्यामुळे या विषयात तुम्हाला वर्गातील अनेकांपेक्षा अधिक कळत असेल. नोकरी करत सीईटी द्या. परदेशाची ओढ कायम राहिली तर त्याच काळात पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला हरकत नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याच्या खर्चासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. व्यवस्थापनाच्या क्षेत्रात भाषेवाचून तिथे नोकरी मिळणे अवघड आहे, पण भाषा शिकण्याचे कष्ट कर्जाच्या कष्टांपेक्षा निश्चित हलके आहेत. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्तीही आहे. जागा थोड्या आहेत आणि जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठांनाच ती लागू आहे. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आले आहे, तिथेही अर्ज करावा.

बाबांनाही एक विनंती आहे. दोन वर्षांनी मुलगी अनुभव, स्वतःची बचत आणि पंधरा लाखांच्या आतला प्रस्ताव घेऊन समोर आली, तर त्यांनी तो दुकानातील मालाच्या बिलाप्रमाणे तपासावा, आणि हिशेब पटला तर सहकर्जदार म्हणून सही करावी.

आलेली ऑफर लगेच नाकारण्याचीही गरज नाही. अनेक विद्यापीठे प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात. डिपॉझिट न भरता विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला, कन्सल्टन्सीला मध्ये न घेता, स्वतः ईमेल लिहा आणि विचारा : प्रवेश सप्टेंबर २०२७ पर्यंत पुढे ढकलता येईल का, शुल्कात कोणती शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि याच अभ्यासक्रमातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी किती जणांना प्रायोजित नोकरी मिळाली. तिसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर येते की माहितीपत्रक येते, ते पाहा. ईमेल पाठवण्यापूर्वी दुकान बंद झाल्यावर बाबांसमोर बसून तो त्यांना मराठीत वाचून दाखवा, आणि एखादा प्रश्न त्यांच्याकडूनही त्यात घाला.